तुम्ही विचारलंत म्हणून : छापलेला अँटेना धुता येतो का?

कापडावर अँटेना छापते म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. धुता येतो. मात्र किती वेळा, हे शाईपेक्षा अँटेना आणि त्याला लावलेला छोटा रेडिओ यांच्यातल्या जोडावर जास्त ठरतं.

आमची पद्धत लग्नपत्रिका छापणाऱ्यांचीच. ताणलेली जाळी, वर शाई आणि स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढणाऱ्या रबरी पात्याचा, एक सरळ हात. शाईत चांदीच्या बारीक चकत्या असतात. साधारण १२० ते १५० अंशांच्या भट्टीत त्या एकमेकींना घट्ट टेकतात आणि विजेला वाट मिळते. सलग चांदीइतकी मोकळी मात्र नाही. २.४५ गिगाहर्ट्‌झला (ब्लूटूथ-वायफायच्या वारंवारतेला) शुद्ध चांदीत प्रवाह पृष्ठभागालगतच्या जेमतेम १.३ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकवटतो. शाईची वाहकता वीसपट कमी धरली, तर तीच खोली सहा मायक्रॉनच्या आसपास जाते. म्हणून थर जाड हवा. सुती विणीचे चढउतार त्याहून कितीतरी मोठे, म्हणून आधी पॉलियुरेथेन हे लवचिक प्लास्टिक लावून कापड सपाट करून घ्यायचं.

पाण्याची मला फारशी भीती वाटत नाही. ओल्या कापडात अँटेनाची वारंवारता खाली सरकते, वाळल्यावर परत वर येते. घात होतो पिळताना. चकत्या सुटतात, केसाएवढ्या भेगा पडतात, आणि प्रवाह छापलेल्या पट्टीच्या कडांनाच दाटत असल्यामुळे कडेची भेग फार नडते. छपाईवर पॉलियुरेथेनचा आणखी एक थर दिला की चांदी दोन थरांच्या मधोमध येते. मग घडी पडली तरी तिला ताण कमी बसतो.

आणि जोड! शाईवर डाख देता येत नाही. वितळलेलं कथिल चांदी स्वतःत विरघळवून घेतं, शिवाय त्या उष्णतेत कापड टिकत नाही. वाहक गोंदानं चिकटवलेला कनेक्टर, म्हणजे रेडिओ जोडायचा धातूचा तुकडा, धुताना छपाईचा तुकडा घेऊनच निघाला, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. पट्टी अखंड होती, तुटली होती ती नेमकी कडक धातू आणि मऊ कापड यांची सीमा.

आता मी टिचबटण लावते, बाळाच्या झबल्याला असतं तसं. त्याखाली कापडाचा जास्तीचा तुकडा शिवून घेते, म्हणजे ओढ छपाईवर न येता टाक्यांवर येते. धुण्याआधी रेडिओ काढून ठेवता येतो. तेव्हा तुमच्याकडे असा सदरा आलाच, तर बटण सोडवा, हातानं धुवा, पिळू नका आणि नुसता निथळू द्या.