फ्रँकफुर्टनं नाकारलेल्यांचं गाव : हेक्स्ट

आमच्या घरी औषधांच्या डब्यात एव्हिल आणि लॅसिक्सच्या पट्ट्या कायम असायच्या. वडील मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीत कामाला होते. त्या खोक्यांवर एक छोटं चित्र असे, एक मनोरा आणि त्याला जोडलेला कमानीचा पूल. हा मनोरा खरोखर कुठेतरी उभा आहे, हे मला वयाची चाळिशी ओलांडल्यावर, कामानिमित्त फ्रँकफुर्टला गेल्यावर कळलं. हेक्स्ट हे कंपनीच्या मालकाचं नाव नाही, ते एका गावाचं नाव आहे. मुलुंडमध्ये आपण 'हेक्स्ट' म्हणतो, तिथला उच्चार 'ह्योश्स्ट'च्या जवळ जातो.

आज हे फ्रँकफुर्टचं पश्चिमेकडचं उपनगर. मुख्य स्टेशनवरून एस-बान या लोकलची एस-१ किंवा एस-२ गाडी पकडा, दहा-बारा मिनिटांत पोहोचता. शहराचं साधं तिकीट चालतं, वेगळं काढावं लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेला, म्हणजे नदीच्या दिशेनं सरळ चालत राहा. पहिली दहा मिनिटं काही विशेष दिसत नाही. मोबाइलची दुकानं, तुर्की बेकऱ्या, केस कापायची दुकानं. बरेच जण इथूनच परत फिरत असावेत. फिरू नका. रस्ता संपतो तिथे जुनं गाव सुरू होतं.

हे गाव इथेच का वसलं, हे नदीकाठी उभं राहिलं की लगेच समजतं. निडा ही छोटी नदी इथे माइन नदीला मिळते, आणि संगमाजवळचा माइनचा उजवा काठ चांगला उंच आहे. ७९० सालच्या नोंदीत गावाचं नाव 'होस्टाट' असं येतं, म्हणजे उंचावरची जागा. पुराचं पाणी खाली राही आणि वरून नदीवर नजर ठेवता येई. माइन्त्सच्या आर्चबिशपांनी, म्हणजे तिथल्या सत्ताधारी ख्रिस्ती धर्मगुरूंनी, याचा पुरेपूर फायदा घेतला. त्यांनी इथे गढी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात घेतली. फ्रँकफुर्टचा व्यापार याच पाण्यावरून जाई, त्यामुळे दोन्ही गावांचं कधी फारसं पटलं नाही. १३५५ मध्ये हेक्स्टला शहराचा दर्जा मिळाला, तटबंदी झाली. तटाचा नदीकडचा भाग अजून उभा आहे.

गावातलं सगळ्यात जुनं बांधकाम म्हणजे युस्टिनुस चर्च. इ. स. ८३० च्या सुमाराला सुरू झालं आणि ८५० च्या आसपास पुरं झालं. मी पहिल्यांदा सोमवारी गेले तर दार बंद. शनिवारी पुन्हा गेले, आणि गेले ते बरंच झालं. आत खांबांच्या दोन रांगा आहेत. खांबांच्या डोक्यावर पानांचं कोरीव काम आहे, जरासं जाडसर आणि हातानं उकरल्यासारखं. एका खांबाशी मी बराच वेळ मान वर करून उभी होते. पानांच्या कडा अकराशे वर्षांनंतरही धारदार आहेत. चर्च बहुधा दुपारनंतरच उघडतं, तेव्हा आदल्या दिवशी वेळ बघून घ्या.

दुसऱ्या महायुद्धात फ्रँकफुर्टचा जुना मध्यभाग मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत जळून गेला. तिथल्या रोमरबर्ग चौकात पर्यटक ज्या लाकडी चौकटीच्या घरांचे फोटो काढतात, ती रांग १९८० च्या दशकात नव्यानं बांधलेली आहे. हेक्स्टची घरं वाचली. वाकलेली तुळई आणि तिरकी झालेली खिडकी पाहायची असेल तर श्लॉसप्लाट्झ चौकात बसा. माझ्या मते रोमरबर्गला अर्धा तास पुरे, उरलेला दिवस इथे द्यावा.

चौकापासून पाच मिनिटांवर बोलोंगारो राजवाडा. नावाला राजवाडा, पण तो बांधला तपकिरीच्या व्यापाऱ्यांनी. बोलोंगारो हे इटलीहून आलेले भाऊ, धर्मानं कॅथलिक. ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, फ्रँकफुर्टनं त्यांना नागरिकत्व दिलं नाही. माइन्त्सचे आर्चबिशप एमेरिख योसेफ यांनी मात्र हेक्स्टला नवी वसाहत काढून सवलती देऊ केल्या. भावांनी १७७२ पासून ही लांबलचक इमारत उठवली. मागची बाग पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरते. लाइपझिगची लढाई हरून परतताना, १८१३ मध्ये, नेपोलियन इथे मुक्कामाला होता.

मग १८६३. माइस्टर, लुसियुस आणि म्युलर यांना रंगांचा कारखाना काढायचा होता. फ्रँकफुर्टला आपल्या हद्दीत कारखाने नको होते. हेक्स्ट तेव्हा नासाऊ संस्थानात होतं आणि तिथे उद्योगाला मोकळीक होती. माइनचं पाणी होतं, कोळशाच्या नावा थेट दारात लागत. पहिला रंग फुक्सिन, किरमिजी लाल. कारखान्याला लोक 'लाल कारखाना' म्हणू लागले. रंगांतूनच पुढे औषधं आली. भूल देणारं नोवोकेन, उपदंशावरचं साल्वरसान, १९२३ मध्ये इन्सुलिन. आपल्याला जास्त जवळची गोष्ट निळीची. १८९७ मध्ये बाडिश (आजची बीएएसएफ) या जर्मन कंपनीनं आणि पाठोपाठ हेक्स्टनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. बिहारमधल्या मळेवाल्यांचा धंदा बसला आणि त्यांनी तो तोटा वाढीव खंडाच्या रूपानं रयतेच्या माथी मारला. त्याच गाऱ्हाण्यांपायी १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले.

या कारखान्याची काळी बाजूही आहे. १९२५ मध्ये तो आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपन्यांच्या समूहात गेला. युद्धात इथे हजारो माणसांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेलं. माझ्या घरची चूल याच नावावर पेटली, म्हणून ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आणि १ एप्रिल १९२८ रोजी फ्रँकफुर्टनं हे अख्खं गाव आपल्यात घेतलं.

खोक्यावरचा मनोरा वास्तुकार पीटर बेरेन्स यांनी १९२० ते १९२४ मध्ये बांधलेल्या कारखान्याच्या कचेरीचा. पूल आणि मनोरा रस्त्यावरूनही दिसतात. आत जायचं तर मार्गदर्शकासोबतच, ठरावीक दिवशी, म्हणून जागा आधी राखून ठेवा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. आतलं दालन विटांचं. खाली गडद निळ्या-हिरव्या विटा, वर चढत जाताना रंग बदलत शेवटी पिवळा होतो आणि छताच्या काचांतून उजेड उतरतो. रंगवाल्यांनी आपला धंदा भिंतीत चिणून ठेवला आहे. मी एका विटेवर तळहात टेकवला. गार होती.

आता थोडं कामाचं. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. शनिवार गाठलात तर सकाळी बाजार आणि दुपारी चर्च, दोन्ही जमतं. रविवारी दुकानं बंद. सुटे युरो जवळ असू द्या. दगडी फरसबंदी आहे, सपाट तळव्याचे बूट घाला. शाकाहारी असाल तर 'ग्र्युने झोसे' मागा, सात हिरव्या पाल्यांची गार चटणी, सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. अंडी नको तसं आधीच सांगा. सफरचंदाची वाइन आंबट असते, सोडा घालून घेतली तर घशाखाली उतरते.

संध्याकाळी वेळ उरला तर माइनपलीकडच्या श्वानहाइमला जा. छोटी नाव पलीकडे नेते, तिच्या वेळा आधी पाहून घ्या. काठापासून चालत गेलं की हिमयुगानंतर वाऱ्यानं आणून टाकलेल्या वाळूच्या टेकड्या लागतात. समुद्रापासून इतक्या आत वाळू पाहून नवल वाटतं. लाकडी पायवाट सोडू नका, जागा संरक्षित आहे.

परतताना नावेच्या पुढच्या बाजूला उभ्या राहिलात तर तट, चर्चचं छप्पर आणि गढीचा बुरूज एका ओळीत दिसतात. तिथूनच मी वडिलांना फोन लावला.