सॉल्कमचं स्टेशन कुठे बसवायचं

मी ट्रेन सिम्युलेटरसाठी रूट बनवते. म्हणजे जमीन, रूळ, सिग्नल, स्टेशनं, झाडं सगळं एडिटरमध्ये उभं करायचं आणि लोक त्यावर गाडी चालवतात. आधी आर्किटेक्टकडे थ्रीडी मॉडेल करायचे, आता नाशिकला घरूनच हे फुल टाइम. सध्या हातात एक काल्पनिक ब्रिटिश लाईन आहे आणि तिच्या टेस्टिंगच्या दिवशी जे झालं ते लिहायलाच हवं, कारण काल्पनिक म्हटलं की लोकांना वाटतं मनाला येईल तिथे रूळ टाकायचे आणि झालं.

लाईन कुठली ते आधी सांगते. इंग्लंडच्या दक्षिण डेव्हनमध्ये किंग्जब्रिज नावाचं गाव आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मेन लाईनवर ब्रेंट नावाचं स्टेशन होतं, तिथून किंग्जब्रिजपर्यंत साडेबारा मैलांची सिंगल लाईन होती, 19 डिसेंबर 1893 ला सुरू झाली आणि सप्टेंबर 1963 मध्ये बंद पडली. मूळ बेत ती पुढे समुद्राकाठच्या सॉल्कमपर्यंत न्यायचा होता पण तो शेवटचा तुकडा कधी बांधलाच नाही. आम्ही तोच बांधतोय. सॉल्कमला रेल्वे पोचली असती तर 1961 च्या उन्हाळ्यात ती कशी चालली असती, एवढंच एक खोटं. बाकी सगळं खरं पाहिजे हा माझा हट्ट आहे.

नकाशावर बघितलं तर अंतर काहीच नाही, सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये डोंगर. वरून मॉलबरोमार्गे न्यावी असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं कारण गाडीरस्ता तिथूनच जातो. मॉलबरो समुद्रसपाटीपासून सुमारे 120 मीटरवर आणि तिथून सॉल्कम सरळ रेषेत तीन किलोमीटर, म्हणजे उतार पडतो 1 इन 25, दर 25 मीटर अंतराला एक मीटर खाली. आपल्या भोर घाटात 1 इन 37 आहे आणि तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. एका छोट्या टँक इंजिनच्या (कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणारं इंजिन, मागे वेगळा टेंडर डबा नाही) ब्रँच लाईनला 1 इन 25 कोण मंजूर करणार? 1 इन 50 ने उतरायचं तर त्याच 120 मीटरला सहा किलोमीटर लागतात, म्हणजे अंतराच्या दुप्पट, नागमोडी वळणं घेत, आणि त्याला पैसे कोण देणार. म्हणून लाईन खाडीच्या काठाकाठाने आणली. तिकडच्या जुन्या सर्व्हेचे नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेत, 19व्या शतकातली शेतं, बांध, गिरणी, चुनाभट्ट्या सगळं दिसतं त्यात, ते खाली ठेवून त्यावर रूळ टाकत गेले. हे काम मला प्रचंड आवडतं, एखाद्या वळणाची त्रिज्या चेनमध्ये मोजताना (एक चेन म्हणजे 22 यार्ड, तिकडे सगळं त्यातच) रात्र कधी होते कळत नाही. 10 चेनपेक्षा घट्ट वळण आलं की चेक रेल, म्हणजे चाक रुळावरून उतरू नये म्हणून आतल्या बाजूचा जादा रूळ टाकायचा, तोही टाकला.

भांडण झालं ते शेवटच्या तुकड्यावरून. गावाच्या अलीकडे बॅटसन क्रीक म्हणून खाडीचा एक फाटा आत शिरतो. तिथपर्यंत लाईन पाण्याच्या लेव्हलला येते. ज्यांच्यासाठी आम्ही हे करतोय त्यांना स्टेशन तिथे नको होतं. त्यांना ते वर, गावाच्या माथ्यावर हवं होतं, प्लॅटफॉर्मवरून खाली बंदर, बोटी, निळं पाणी, कारण जाहिरातीचे स्क्रीनशॉट तिथूनच भारी येणार. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही, विकायचं त्यांना आहे. पण क्रीकपासून वर जायला 1 इन 60 चा चढ आणि स्टेशन त्या चढावरच. मी लेखी सांगितलं की बोर्ड ऑफ ट्रेडच्या (नवी लाईन तपासून मंजूर करणारं ब्रिटिश सरकारी खातं) नियमात स्टेशन 1 इन 260 पेक्षा जास्त उतारावर चालायचं नाही, इन्स्पेक्टरने लाईन उघडूच दिली नसती. उत्तर आलं की लाईन काल्पनिक आहे, इन्स्पेक्टर कुठून येणार!

आमच्या टेस्टर्समध्ये डेव्हनचे एक रिटायर्ड सिग्नलमन आहेत. फोनवर मी त्यांना नावानेच हाक मारते, तिकडे तसंच चालतं, पण इथे काका म्हणते, तेच तोंडात येतं. त्या दिवशी आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ, कॉलवर ते, मी, माझा ज्युनियर आणि ती मंडळी. माझ्याकडे दोन्ही व्हर्जन तयार होते, वरचं आणि खालचं. काका म्हणाले वरचं लाव.

त्यांनी गाडी चालवली ती 4575 क्लासचं टँक इंजिन आणि मागे कोळशाच्या तीन वॅगन, ब्रिटिश रेल्वेच्या त्या करड्या 16 टनी. प्रवासी गाडी नाही घेतली. पाऊस चालू केला. चढावर चाकं घसरली, रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, जरासा कमी केला, परत दिला, आणि इंजिन नीट वर गेलं. स्क्रीनशॉटवाले खूश, खाली बंदर खरंच सुंदर दिसत होतं. मग प्लॅटफॉर्मला थांबून त्यांनी इंजिन सोडवलं. शेवटच्या स्टेशनवर हे करावंच लागतं, इंजिन शेजारच्या लूपमधून फिरवून दुसऱ्या टोकाला आणतात. त्या वॅगनना इंजिनातून लावता येणारा व्हॅक्यूम ब्रेक नसतो, फक्त हाताने दाबून पिन करायचा ब्रेक. काकांनी पिन केला नाही. म्हणाले, समजा त्या माणसाला उशीर झाला, पाऊस आहे, अंधार आहे.

वॅगन क्षणभर जागेवरच होत्या. मग बफर एकमेकांपासून किंचित सुटले आणि मागची वॅगन सरकायला लागली, अगदी हळू, माणूस चालतो त्याहून हळू. प्लॅटफॉर्मचा उतरता रॅम्प मागे पडला, स्टेशनातून निघायची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल मागे पडला. साइडिंगमध्ये असं झालं तर ट्रॅप पॉइंट असतो, सुटलेली वॅगन तिथेच रुळावरून उतरते आणि मेन लाईन वाचते, पण या वॅगन प्लॅटफॉर्मच्या लाईनवर होत्या, तिथे प्रवासी गाडीच्या वाटेत ट्रॅप कोण ठेवेल. काका काही न करता कॅमेरा वॅगनबरोबर ठेवून बसले. वेग वाढत गेला आणि खाली क्रीकच्या वळणावर किंग्जब्रिजहून येणारी गाडी होती, जी माझ्या ज्युनियरने टाइमटेबलमध्ये घातलेली. तिच्या ड्रायव्हरकडे टोकन होता. आपल्याकडे सिंगल लाईनवर नील्स मशीनमधला गोळा द्यायचे तसाच प्रकार, ज्याच्या हातात तो त्याचीच लाईन. टोकन बरोबर, सिग्नल बरोबर, सगळं बरोबर असून गाडी समोरून येणाऱ्या वॅगनवर आदळली आणि सिम्युलेटरने सेशन बंद केलं.

ज्युनियर म्हणाला, "ताई, पण आपण तर सगळे नियम पाळले होते." काकांना मी ते इंग्रजीत सांगितलं. मग ते आर्माच्या अपघाताबद्दल बोलले. 12 जून 1889, आयर्लंडमध्ये रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी 1 इन 75 च्या चढावर अडकली. इंजिनला जड होतंय म्हणून गाडीचे दोन भाग केले, मागचे डबे उतारावर उभे ठेवून पुढचे नेऊ असं ठरलं. तेव्हाचा ब्रेक असा होता की जोड सोडली की मागच्या डब्यांना ब्रेकच राहत नसे, फक्त गार्डचा हँडब्रेक. डबे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर गेले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक, ब्लॉक पद्धत (एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी), सिग्नल आणि पॉइंटचं इंटरलॉकिंग (दोन्ही एकमेकांना असे जोडलेले की चुकीचा सिग्नल देताच येत नाही) सक्तीचं झालं. आमची लाईन 1890 च्या दशकात उघडणार, म्हणजे या कायद्यानंतर चार-पाच वर्षांनी. तिथे आलेल्या इन्स्पेक्टरने आर्माचे डबे विसरून 1 इन 60 वर स्टेशन पास केलं असतं, हे काकांना पटत नव्हतं आणि मलाही नाही.

मी खालचं व्हर्जन लावलं. 120 मीटरचा प्लॅटफॉर्म 1 इन 60 वर असेल तर दोन टोकांत दोन मीटरचा फरक, 1 इन 260 वर अर्ध्या मीटरहून कमी. काकांनी तेच सगळं परत केलं, इंजिन सोडवलं, पिन नाही. वॅगन हलल्या नाहीत.

स्क्रीनशॉटवाल्यांकडून थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग त्यांनी विचारलं, स्टेशन इतकं खाली असलं तर गावात जायला चालत किती वेळ. मला हा प्रश्न फार आवडला. स्क्रीनशॉटचा विषय निघाला नाही, गावात राहणाऱ्या माणसाचा निघाला. काकांनी सांगितलं की तिकडच्या ब्रँच लाईनवर गावापासून लांबची स्टेशनं किती तरी होती, जमीन जिथे सपाट आणि स्वस्त तिथे स्टेशन, लोक चालायचे. आणि बंदराचा देखावा हवाच असेल तर क्रीक ओलांडताना डब्याच्या खिडकीतून दाखवा. तो शॉट मी तिथल्या तिथे काढून दिला, भरतीच्या वेळचा, आणि खालचं स्टेशन मंजूर झालं.

त्यानंतर बैठक मालावर सरकली, कारण लाईन बांधायला कोणाचा तरी फायदा लागतो. सॉल्कमची वेगवान स्कूनर जहाजं एके काळी अझोर्समधून संत्री आणायची पण आमची लाईन उघडेपर्यंत तो धंदा संपलेला, म्हणून संत्र्यांची वॅगन मी टाकली नाही. येताना कोळसा, जाताना खेकडे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीवाले. गुड्स शेड छोटी, क्रेन एक, इंजिन शेड एका इंजिनाची. टँक इंजिन दोन्ही दिशांना चालतं, त्यामुळे इंजिन फिरवायचं टर्नटेबल नाहीच. सिग्नल वेस्टर्न रीजनचे, म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागाचे, गाडीला वाट दिली की हात खाली पडणारे.

आता टाइमटेबल चाललंय. सकाळचे खेकडे ब्रेंटला मेन लाईनच्या गाडीला मिळाले पाहिजेत, आणि वाटेतल्या गारा ब्रिज स्टेशनच्या लूपमध्ये समोरून येणाऱ्या गाडीशी क्रॉसिंगही जमलं पाहिजे. ज्युनियरला पहिली गाडी 7:15 ला हवीये, काका म्हणतात बोटी भरतीच्या वेळेवर येतात, त्या तुझ्या घड्याळाला थांबणार नाहीत, आधी भरतीचा तक्ता काढ. तो आज तेच शोधत बसलाय.