व्ह्यूमॉडेलमध्ये काँटेक्स्ट मिळाला, पण मराठी गायब

कांद्याच्या नोंदींचं एक अँड्रॉइड ॲप करतोय, निफाड-लासलगावकडचे शेतकरी वापरतात, भाषा ॲपमधूनच बदलता येते. नोंद सेव्ह झाली की व्ह्यूमॉडेलमधून (स्क्रीनचा डेटा सांभाळणारा क्लास) मेसेज द्यायचा होता, त्याला काँटेक्स्ट लागतो, म्हणजे ॲपमधली वाक्यं, फाइली मिळवायचा अँड्रॉइडचा दुवा. नाशकात ज्याला विचारावं तो एकच सांगतो, अँड्रॉइडव्ह्यूमॉडेल घे, आत ॲप्लिकेशनचा काँटेक्स्ट देणारं गेटॲप्लिकेशन आहेच. आणि खरंच दोन ओळीत मिळतो.

वैताग पुढे आहे. ऑफिसातल्या नव्या फोनवर सगळं झकास. निफाडच्या एका काकांनी स्क्रीनशॉट पाठवला, बटणं मराठी, हेडिंग मराठी आणि खाली तेवढा मेसेज इंग्रजीत. वर फोन, "दादा, 12 क्विंटल टाकले, नोंद झाली का नाही काय समजंना." स्ट्रिंग्जची (ॲपमधल्या वाक्यांची) फाइल तपासली, ॲप काढून परत टाकलं, भाषा उलटसुलट केली, ढिम्म फरक नाही. शेवटी अँड्रॉइड 12 चा एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) लावला तेव्हा तसंच डोळ्यासमोर दिसलं. अँड्रॉइड 13 पासून ॲपची वेगळी भाषा सिस्टीमच सांभाळते. त्याच्या खालच्या व्हर्जनवर ते काम ॲपकॉम्पॅट ही लायब्ररी करते आणि ती भाषा लावते ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे समोरच्या स्क्रीनच्या, काँटेक्स्टला, ॲप्लिकेशनचा काँटेक्स्ट फोनच्याच भाषेत राहतो, आणि काकांचा फोन इंग्रजीत! हे आधी कोणी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती?

तर व्ह्यूमॉडेलमधून तयार वाक्य पाठवूच नका. स्ट्रिंगचा आयडी आणि आकडा पाठवा, वाक्य स्क्रीनवर स्ट्रिंगरिसोर्सने (आयडीवरून वाक्य देणारं फंक्शन) जुळवा. नोटिफिकेशनला स्क्रीन नसते, तिथे काँटेक्स्टकॉम्पॅटचं गेटस्ट्रिंग वापरा, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती असलेली फाइल) ऑटोस्टोअरलोकेल्स, म्हणजे निवडलेली भाषा साठवायची सेटिंग, चालू पाहिजे.

ॲक्टिव्हिटीचा काँटेक्स्ट धरून ठेवायचा शॉर्टकट तर अजिबात नको, फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी नवी बनते, व्ह्यूमॉडेल तेच राहतं आणि जुनी ॲक्टिव्हिटी मेमरीत अडकते. डेटाबेस किंवा फाइलसाठी काँटेक्स्ट लागत असेल तर तो रिपॉझिटरीला (डेटा आणणारा-साठवणारा क्लास) द्या, हिल्ट (अशा गोष्टी क्लासला आपोआप पुरवणारी लायब्ररी) असेल तर ॲप्लिकेशनकाँटेक्स्टचं ॲनोटेशन लावलं की झालं. अँड्रॉइडच्या अधिकृत शिफारशींतही अँड्रॉइडव्ह्यूमॉडेल टाळा असंच लिहिलंय, तरी जो तो तेच सुचवतो.

हां, आणि स्वतःचा ॲप्लिकेशन क्लास केला असेल तर त्याचं नाव मॅनिफेस्टमध्ये टाका, नाहीतर गेटॲप्लिकेशन तुमच्या क्लासमध्ये कास्ट करताना ॲप क्रॅश होतं.