मेलेला शॉकअप थंड राहतो

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबा मला घ्यायला नागपूरला आले होते, आपली २००९ ची वॅगन-आर घेऊन. वर्धा, यवतमाळ, पुढे आर्णीकडे, सगळा चौपदरी रस्ता. तोवर मला काहीच जाणवलं नाही. आमच्या फाट्यावरून आत वळलो, तर पहिल्याच गतिरोधकावर गाडीनं नाक खाली घातलं, वर काढलं, पुन्हा घातलं, आणि तिसऱ्या झोक्याला माझ्या मांडीवरचा डबा पायाशी गेला. बाबा मात्र शांत.

"बाबा, शॉकअप गेले हिचे."

"काई गेले नाई. रस्ताच तसा हाय."

रस्ता तसा आहे, हे खरंच. फाट्यापासून गावापर्यंतचे चौदा किलोमीटर काळ्या मातीवरून जातात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि वरचं डांबर तिच्या मर्जीनं वरखाली होत राहतं. पण मी रस्त्याकडे नाही, बाबांकडे पाहत होतो. गतिरोधक दिसायच्या आधीच ते गाडी दुसऱ्या गिअरवर आणत. शाळेजवळचा खड्डा डाव्या अंगानं, नाल्यावरचा उजव्या अंगानं. वळणावर स्टिअरिंग हळूहळू, जणू मागं अंडी ठेवलीत. आई म्हणाली, "तुहे बाबा आता लय सांभाळून चालवतात." मला ती सवय वयाची नाही, शॉकअपची वाटली.

मी राहतो ते श्वाइनफुर्ट हे जर्मनीत, बव्हेरियातलं कारखान्यांचं गाव. सायकलच्या हब आणि बेअरिंगपासून सुरुवात करून पुढे शॉकअपसाठी नावाजलेली साक्स कंपनी १८९५ साली इथलीच. तरी तिथं राहून माझ्याच जुन्या गाडीचे शॉकअप गेलेत हे मला कळलं नव्हतं. कळवलं तपासणीवाल्यानं. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते. लोक तिला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात. त्या माणसानं गाडीखाली टॉर्च मारला, मागच्या शॉकअपवरचा तेलाचा ओघळ दाखवला आणि कागद हातात दिला. मी रोज चाळीस किलोमीटर ती गाडी चालवत होतो. शॉकअप पंक्चरसारखा एका दिवशी जात नाही. रोज रतीभर जातो, आणि आपण रतीभर सावध होतो. आजची गाडी कालच्यापेक्षा वाईट वाटेल असा दिवस उगवतच नाही. वर्षाकाठी एकदा येऊन शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला मात्र ते पहिल्या गतिरोधकावर कळतं. आपल्याकडे खाजगी गाडीला फिटनेसचा प्रश्न येतो तो थेट पंधरा वर्षांनी, आरसीच्या नूतनीकरणाला, आणि मग पाच-पाच वर्षांनी. मधल्या काळात सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी बाबांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबली आणि सोडली. "पाय, कुठं झुलते?" ती एकदा वर येऊन थांबली. ही चाचणी सगळ्यांना माहीत असते, आणि तिच्यावर सगळे फसतात. पुरता मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो. अर्धा मेलेला नाही, कारण जुने रबर बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, आणि जाम झालेले सांधे थोडी झुल स्वतःच खाऊन टाकतात. मी पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. रबरावर लाटा होत्या, एक उंच, एक खोल, पुन्हा उंच. बाबा म्हणाले, अलाइनमेंटचा दोष असन, दोनदा करून आणली. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडली की टायर सहसा एका कडेनं घासतो. असा ठिकठिकाणी खाल्ला जातो तो चाक रस्त्यावर उड्या मारत चालल्यानं. आणि उडी मारलेलं चाक जितका वेळ हवेत असतं तितका वेळ ब्रेकही फुकट. या एका गोष्टीवर आई बाबांकडे वळून म्हणाली, "उद्याच न्या."

आमच्या मिस्त्रीचं दुकान फाट्यावर, कडुलिंबाखाली. चौदा किलोमीटर ठोकरा खात आम्ही पोचलो आणि बाबा चहा सांगायला निघाले, तर मिस्त्री म्हणाला, "काकाजी, गाडी गरम हाय तोवर पाहून घेऊ." त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागं हात घातला आणि शॉकअपच्या नळीला तळवा लावला. मग दुसऱ्या बाजूला. मग मला बोलावलं. डावीकडची नळी चांगली कोमट होती, उजवीकडची जवळपास थंड.

"हा काम करून आला, दादा. अन् हा नुसता संगं फिरून आला."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. सगळं त्यात आलं. गाडीचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला आवरायचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक वाटा. चाक उसळलं की तेल त्या वाटांतून रेटलं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेला जिवंत शॉकअप गरम असतो. आत सील झिजलं, तेल गळालं, की दट्ट्या नुसता येरझारा घालतो आणि नळी थंड राहते. श्वाइनफुर्टला यासाठी चाकाखालची पाटी थरथरवून आकडे काढणारं मशीन पाहिलंय मी.

बाबांनी लगेच हिशेब मांडला. "मंग एकच बदल ना."

"काकाजी, जोडीत एक म्हातारा अन् एक गोऱ्हा जुंपता का? नांगराचं तास सरळ जाईन का?"

बाबा शेतकरी माणूस, पुढं बोललेच नाहीत. एका धुरीवरचे, म्हणजे एका ॲक्सलवरचे, दोन्ही शॉकअप एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. मागच्या दोन्हींवर तेलाचा ओघळ होताच, तेव्हा चारही ठरले. सामान यवतमाळहून आलं: चार शॉकअप, वरची माउंटिंग, त्यातली बेअरिंग, धक्का अडवणारी बंप स्टॉपची रबरं. साडेसहा हजारांच्या आत सगळं. मजुरी पंधराशे. माझ्याकडे तिकडे गॅरेजवाले तासाला शंभर युरोच्या वर घेतात, म्हणूनच मी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः बदलले होते. तासाच्या भाड्यानं लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, घाम आपला. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं खालचे बोल्ट असे गंजले होते की एकाच बोल्टला मी तीन तास झुंजलो. आणि इथं, एवढ्या धुळीत-चिखलात वाढलेल्या गाडीचे बोल्ट मिस्त्रीनं ब्रशनं पुसले, रॉकेल सोडलं, पान्याला एक झटका दिला की आले. रस्ता खराब, पण मीठ नाही.

मागचे दोन अर्ध्या तासात झाले. या गाडीला मागं स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. फक्त तो सोडायच्या आधी धुरीखाली जॅक लावावा लागतो, नाहीतर धुरी खाली लोंबते आणि स्प्रिंग जागची निघते. पुढचे मात्र स्प्रिंगच्या पोटातच असतात. तिथं माझं आणि मिस्त्रीचं वाजलं. स्प्रिंग दाबायला त्याच्याकडे हुकांचे दोन क्लॅम्प होते, त्यातल्या एकाच्या आट्या पार झिजलेल्या. "रोज करतो दादा, काई होत नाई." दाबलेली स्प्रिंग क्लॅम्पमधून निसटली तर माणसाचा जबडा जातो, मी हट्टच धरला. शेवटी दोन्ही नळ्या स्प्रिंगसकट पोत्यात घालून, मोटरसायकलवर आर्णीला, जिथं स्टँडवर बसवलेला प्रेस होता तिथं नेल्या. दोन तास गेले. मिस्त्री माझ्यावर नाराज, बाबा दोघांवर.

दुसरं भांडण छोटं. नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा फिरू नये म्हणून पोऱ्या त्याला पक्कड लावायला निघाला होता. त्या दांड्यावर एक ओरखडा पडला की तो सील कापत बसतो, आणि नवा शॉकअप वर्षात तेल गाळायला लागतो. दांड्याला वर टोकाशी धरायची सोय दिलेली असते, तिथंच धरायचं. हे मी सांगायच्या आधीच मिस्त्रीनं पोऱ्याच्या हातावर चापट मारली. तेव्हा आमचं पुन्हा जमलं. तिकडे शिकलेली एक गोष्ट त्यानं माझ्याकडूनही घेतली: रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीला टेकवायची, वजन येऊ द्यायचं, मग आवळायचे; नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "हे बरोबर हाय," म्हणाला, आणि पोऱ्याला गाडी उतरवायला लावली.

संध्याकाळी बाबा गाडी घेऊन निघाले, मी शेजारी. पहिल्या गतिरोधकावर त्यांनी सवयीनं दुसरा गिअर टाकला. गाडी एकदा दबली, उठली आणि संपलं.

"कडक झाली," बाबा म्हणाले. "पयले मऊ होती."

मी काही बोललो नाही. कापूस भरलेली एक बैलबंडी समोरून आली, तिला वाट दिली. नाल्यापाशी आल्यावर बाबांनी उजव्या अंगाला घेण्यासाठी स्टिअरिंग हलवलं, मग तसंच सरळ केलं, आणि गाडी त्या खड्ड्यातून नेली. आत एक ठोका बसला. पुढं जाऊन त्यांनी आरशात मागं पाहिलं. गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला, खड्ड्याच्या मागं नेली आणि त्यातून पुन्हा एकदा काढली.