कासारमावशीचं पोर्ट्रेट: दीड महिना झाला, नाक जमलंय, हात अडकलाय

तर मंडळी, टाकाऊ वस्तूंतून करतेय ते तिसरं पोर्ट्रेट अजून चालूच आहे. पहिल्या दोघी पटापट झाल्या होत्या, जळालेल्या बोअरच्या मोटारीची तांब्याची तार वापरून जिचे केस केले ती आक्का तर पंधरा दिवसात उरकली, म्हणून वाटलं आता आपल्याला जमायला लागलं. कशाचं काय!

यावेळी बसलीय आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांगड्या विकणारी मावशी. अर्ध्या अंबाजोगाईचे हात तिला तोंडपाठ, मनगट धरलं की साइज सांगते. त्यामुळं मटेरियल ठरलेलंच होतं, भरताना वाढलेल्या, म्हणजे फुटलेल्या, बांगड्या ती एका तेलाच्या डब्यात टाकते तो डबा मागायला गेले. तर म्हणे, "वाढलेल्या बांगड्याचं तोंड करायलीस व्हय माझं? बरी आहेस की गं!" मग मोबाईलवर चंदीगडच्या रॉक गार्डनचे फोटो दाखवले, नेकचंदनी सरकारी नोकरी करत करत गुपचूप उभं केलेलं, १९७६ ला लोकांना खुलं झालं, त्यात फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या बाहुल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. मावशीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्यातल्या एकीचं नाक धड नाही." पण डबा दिला.

आता चुका सांगते म्हणजे तुमचा तरी वेळ वाचेल. पहिली चूक पत्रा. जुन्या कोठीचा पत्रा होता, चांगला पत्रा भंगारवाल्याकडं टिकतच नाही, आमच्याकडचं बरंच लोखंड जालन्याच्या स्टील कारखान्यांकडं जातं, म्हणून मिळाला की मी घेऊनच टाकते. त्यावर फेविकॉलनं अर्धा गाल चिकटवला, बोर्ड गच्चीवर वाळत ठेवला, मे महिन्याचं ऊन, संध्याकाळी उचलायला गेले तर पत्रा टण्णकन वाकला आणि गाल खाली. फेविकॉल काचेला धरतच नाही आणि पातळ पत्रा हलतो. शिवाय बांगडीचा तुकडा गोल असतो ना, तो खाली फक्त एका रेघेवर टेकतो, चिकटायला जागाच नाही त्याला.

म्हणून पत्रा रद्द. पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी घेतली आणि तुकडे चिकटवायच्या ऐवजी एम-सीलच्या, म्हणजे मळून लावायच्या पुट्टीच्या, थरात अर्धे रुतवायला लागले. थोडं थोडंच मळायचं, हाताच्या पंजाएवढा भाग झाला की पुढचं, नाहीतर कडक होतं आणि शिव्या आपल्याला पडतात. एम-सीलमध्ये गेरूची पूड मळली की खालून कातडीचा रंग येतो, नाकाच्या बाजूला आणि मानेखाली काजळी मळली. मावशीचा फोटो मोबाईलमध्ये काळापांढरा करून चारच छटा ठेवल्या, त्याप्रमाणं हिरवे, लाल, मोरपंखी, काळे तुकडे ताटल्यांत वेगळे केले. तुकडा हव्या त्या लांबीचा पाहिजे असेल तर तिकोनी कानशीनं रेघ मारा आणि फडक्यात धरून मोडा. चष्मा घाला, मी नव्हता घातला, डोळा वाचला हे नशीब.

तरी तोंड मावशीचं दिसेना, कुणाचंही असू शकलं असतं. तीच एक दिवस दुपारी येऊन बसली, ताटलीतले तुकडे बोटांनी चाळले आणि म्हणाली, "सगळं दोन-आठचं लावलंस की." मला कळेना. मग उमजलं, दोन-आठ म्हणजे दोन पूर्णांक आठ सोळांश इंच, म्हणजे अडीच, त्याचा बाक मोठा. दोन-चार म्हणजे सव्वादोन. पोरींच्या बांगडीचा बाक अजून लहान. तिनं नुसतं बोटावर फिरवून तुकड्यांचे ढीग केले, साइजप्रमाणे! नाकपुडीला पोरींचे, डोळ्याखालच्या सुरकुत्यांना दोन-चार, गालाला दोन-आठ. दोन तासात नाक आलं. मी दीड महिना रंग बघत बसले होते आणि सगळी गंमत बाकात होती. (संतकवी दासोपंतांनी आमच्या ह्याच गावात पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड कापडावर, ग्रंथ लिहिला, तेव्हा चौकटीबाहेरचं करायची गावाला सवय आहे असं मी घरच्यांना सांगते, घरचे ऐकत नाहीत.)

राहिला हात. मूळ प्लॅनमध्ये हनुवटीला टेकलेला एक हात आहे. मावशीचे मालक वारल्यापासून तिच्या हातात काच नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या हातात भरते आणि स्वतःचं मनगट मोकळं. मी फोटोत होतं तसंच करणार होते. परवा तिनं कागदात गुंडाळलेल्या सहा हिरव्या बांगड्या आणून दिल्या, दोन-सहा, कोऱ्या. "ह्या फोडायच्या नाहीत," एवढंच बोलली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेली.

आता अडचण अशी की अख्ख्या बांगड्या सपाट फळीवर बसत नाहीत, मनगट फळीतून बाहेर काढायलाच लागणार. दोन-सहा आतून साठ मिलिमीटरच्या जरा वर भरते. शेतातला त्रेसष्टचा पाइप आत जात नाही, पन्नासचा टाकला तर बांगडी लुळी लोंबकळते. पन्नासच्या पाइपवर सुतळी गुंडाळून वर एम-सीलचा थर द्यायचा विचार आहे, पण बांगड्या आधी घालायच्या का थर आधी द्यायचा, तिथं अडकलेय. कुणी गोल काम केलं असेल तर सांगा, रविवारी करायला घेते.