स्टॅबिलायझर

परवा दुपारी नवीन फ्रिज आला. डिलिव्हरीवाला पोरगा थर्माकोल काढत होता, मी सवयीने विचारलं, "आणि स्टॅबिलायझर?" तर त्याने असं बघितलं की मी रॉकेलच मागितलंय. "लागत नाही काकू. आता कोण लावतं?"

आमच्याकडे टीव्हीपेक्षा त्या कमीजास्त व्होल्टेज सारखं करणाऱ्या डब्याकडेच जास्त लक्ष असायचं. राखाडी पत्रा, पुढे काचेत काटा, वर क्रोशाचा रुमाल. आतून टक्क झालं की बाबा मॅच सोडून काट्याकडे बघायचे. "एकशेऐंशी व्होल्ट!" उन्हाळ्यात संध्याकाळी सगळी गल्ली पंप लावायची, काटा झोपायचा, टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि बाबा उठून टीव्ही बंदच करायचे, मग गावसकर नव्वदवर असला तरी. जळण्यापेक्षा बरं, म्हणायचे.

आता इन्व्हर्टर कंप्रेसर असतो, तो आलेली वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करून घेतो आणि मग स्वतःला हवी तशी बनवतो. म्हणजे डबा तसा गेलेला नाहीच, फ्रिजच्या पोटात गेलाय.

पण जपानचे इंजिनिअर गेनिची तागुची यांनी तर डबासुद्धा न लावता काम भागवलं होतं. १९५३ साल, इना नावाची टाइल्सची कंपनी. भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे टाइल्स लहानमोठ्या निघायच्या. कोणीही म्हणेल भट्टी दुरुस्त करा, पण त्याला पैसा फार. यांनी भट्टीला हातच लावला नाही, मातीतली चुनखडी १ टक्क्यावरून ५ टक्के केली. भट्टी तशीच वाकडी, टाइल्स मात्र बऱ्यापैकी एकसारख्या! चुनखडी तर स्वस्तातली. मला हे भयंकर आवडतं, कारण जग सुधारायची भानगडच नाही, त्यातला फक्त आपला माल सोशिक करायचा.

आता चुनखडीच का आणि किती, हे शोधायला प्रयोग करावे लागतात, आणि एकेक गोष्ट बदलून बघत बसलं तर जन्म जाईल. समजा सात गोष्टी तीन-तीन प्रकारे आणि आठवी दोन प्रकारे बदलायचीय, तर सगळे मिळून ४,३७४ प्रयोग होतात. तागुचींचं कोष्टक त्यातले मोजकेच कुठले करायचे ते सांगतं, आणि काम १८ मध्ये उरकतं. असल्या कोष्टकांचं गणित संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी चाळीसच्या दशकातच कलकत्त्यात मांडून ठेवलं होतं, आणि १९५४-५५ मध्ये तागुची राव यांच्याच इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते. पुढे ही पद्धत अमेरिकेत बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत पोचली आणि तिथल्या इंजिनिअर लोकांसाठी त्यावर १९८९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं ते माधव फडके यांनी. फडके वाचून उगाचच आपल्या आळीतलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

संख्याशास्त्रवाले मात्र खवळले होते. जॉर्ज बॉक्ससारख्या मोठ्या माणसाचं म्हणणं, कल्पना झकास आहे पण हिशोबाची रीत ढिली, एका गोष्टीचा दुसरीवर होणारा परिणाम नीट धरत नाही. बरोबरच आहे, आमटीत चिंच वाढवली की गूळही बघावा लागतो, सुटंसुटं मोजून कसं चालेल? तरी कारखानदारांनी वापरली, कारण काम होत होतं.

तागुचींचं अजून एक म्हणणं होतं, वस्तू कारखान्यातून निघाल्यावर समाजाचं जे नुकसान करते त्यावरून तिचा दर्जा मोजा. ऊन, धूळ, कमीजास्त होणारी वीज आणि वापरणारा माणूस, हे सगळं कंपनीच्या हातात नसलेलं, ते धरूनच डिझाइन करा म्हणे. हे वाचून मला आजी आठवली. ती रोज रात्री फ्रिजचं बटण बंद करायची, "त्यालापण जरा झोप नको का?" सकाळी दूध नासलेलं. आई चिडायची, आजी निवांत पनीर करायची. बसवा तिला कुठल्या कोष्टकात बसवताय ते.