सांगतलं का गुण जाते

आमच्याकडे, म्हणजे वर्धा-यवतमाळच्या काळ्या मातीत, कावीळ झालेल्या माणसाला दोन पत्ते हमखास सांगितले जातात. एक सरकारी दवाखान्याचा, दुसरा कुण्या तरी बुवाचा. बुवा औषध देणार ते रविवारीच. उपाशीपोटी जायचं, ताकातून घ्यायचं, तेल-तिखट बंद. पैसे घेत नाही, फार तर नारळ. औषध म्हणजे कसल्याशा पाल्याचा हिरवागार रस. पाला कसला, हे विचारायचं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "सांगतलं का गुण जाते जी."

बऱ्याचशा काविळी नुसत्या आरामानेही उतरतात, आणि त्या आठवड्यात जे काही पोटात गेलं असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं, ही गोष्ट वेगळी. ज्यांची उतरत नाही त्यांनी मात्र दुसऱ्या रविवारची वाट पाहू नये.

मला कुतूहल आहे ते त्या उत्तराचं. विंचवाचा उतारा, मूळव्याधीची मुळी, तोंड आलेल्या लेकराचं चाटण, सगळ्यांची हीच अट. विद्या एकालाच द्यायची, तीही शेवटच्या घटकेला. आता शेवटची घटका काही पत्र पाठवून येत नाही. आमच्या शेजारच्या गावात विंचवाचं औषध देणारे एक म्हातारे होते. रात्री-अपरात्री उठून द्यायचे, कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. झोपेतच गेले, आणि पालाही त्यांच्याबरोबर गेला. तो खरंच गुणकारी होता का, हे आता कुणी तपासायचं म्हटलं तरी तपासणार काय?

पेटंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुलूप येतं. मोठी कंपनी, मोठा वकील, मोठी किंमत. ते खोटं नाही. औषधांच्या किमती पाहिल्या की कुलपाचा आवाजही ऐकू येतो. पण मुळातला व्यवहार बुवाच्या बरोबर उलटा आहे. सरकार म्हणतं, तुझी युक्ती खरी खरी लिहून दे, आकृती काढून दे, त्या कामातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाला ती वाचून करता आली पाहिजे. त्या बदल्यात अर्ज केल्यापासून २० वर्षं तुझ्या परवानगीवाचून ती कुणी वापरणार नाही. मग ती सगळ्यांची. लिहिताना हातचं राखलं तर पेटंटच रद्द होऊ शकतं. म्हणजे इथे सांगितलं नाही तर गुण जातो!

हे सगळे कागद आता मोबाइलवर फुकट बघता येतात, आणि मला तो नाद लागला आहे. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाचा १८४९ सालचा कागद मी कितीदा तरी उघडून पाहिलाय. तो आहे सेफ्टी पिनेचा. तारेला एका टोकाशी एक वेढा, त्याने तिला उसळी येते, आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार टोक झाकणारी टोपी. संपलं. हंटवर म्हणे १५ डॉलरचं कर्ज होतं. ते फेडायला त्याने हे पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं आणि पुढच्या सगळ्या कमाईवर पाणी सोडलं. गरजू माणसाने पीक हाती येताच पडेल त्या भावात विकून मोकळं व्हावं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हंटने पीन केली कपड्यांसाठी. आमच्या बायकांनी तिचं दवाखान्याचं हत्यार केलं. मंगळसूत्राला नाही तर बांगड्यांना दोन-तीन पिना लटकलेल्या नाहीत, अशी कापूस वेचणारी बाई मला दाखवा. शेतात काटा रुतला की बांधावर बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा, पीन उघडून तिचं टोक काडीच्या जाळावर धरायचं, काळं झालं की पदराला पुसायचं. मग काटा ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने कातडी अगदी वरच्यावर उकलायची, रक्त न काढता. बाभळीचा काटा सरळ निघतो. बोरीचा आकड्यासारखा वाकडा, तो ओढला की आतच मोडतो, म्हणून त्याला आधी मागे ढकलायचं. माझी माय हे करताना शेतातल्या दुसऱ्या बाईशी मजुरीच्या हिशोबावर भांडतही असायची, आणि हात तसूभरही हलायचा नाही. काम झालं की पीन बंद, पुन्हा बांगडीत. हंटच्या आकृत्यांमध्ये हा उपयोग कुठे नाही.

दाढीच्या पात्याचंही तेच. किंग जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्याची खरी युक्ती होती पातळ, दुधारी पातं: धार गेली की लावत बसायचं नाही, फेकून द्यायचं आणि नवं विकत घ्यायचं. धंद्याचं गणित पक्कं. पण आमच्या अंगणात आबांची दाढी करायला येणारे न्हावीदादा ती पत्ती कागदासकट उभी दुमडायचे, कट् असा आवाज व्हायचा, आणि एकीच्या दोन व्हायच्या. अर्धी उस्तऱ्यात बसवायची, अर्धी कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी. जिलेटच्या कमाईतली अर्धी त्यांनी अशी रोजच्या रोज, विनातक्रार, वाचवली. वर पाण्यात बुडवलेली तुरटी गालावरून फिरवायची. तिच्यावर कुणाचं पेटंट नाही. पुढे एड्सची भीती गावोगाव पोचली तेव्हा लोक पहिल्यांदा तोंड उघडून म्हणायला लागले, "दादा, पत्ती नवीन लावजा." दादांना आधी राग यायचा. नंतर तेच पत्ती समोर धरून दाखवायला लागले.

कापसाचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. चारी बाजूंनी कापूस, घरात कापूस, कधी कधी निजायच्या खोलीत छतापर्यंत कापूस. आणि बोट कापलं की मेडिकलमधून निळ्या कागदातलं कापसाचं बंडल विकत आणायचं! लहानपणी मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. मग शाळेतल्या बाईंनी एक गंमत दाखवली. घंगाळात पाणी घेतलं, सरकी काढलेला घरचा कापूस त्यावर टाकला. तो बदकासारखा तरंगत राहिला. दाबून बुडवला तरी वर. मेडिकलचा टाकला, तो बघता बघता तळाला गेला. बोंडातल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्याला धरतच नाही. कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन, शुभ्र करून ते मेण काढलं की तोच कापूस रक्त-पाणी शोषायला लागतो. म्हणजे वाती वळायला घरचा, जखमेला बाहेरचा, हे बरोबरच होतं. पण ते मेण काढायचे पैसे कापूस पिकवणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाहीत.

पॅडचं तर आणखी विचित्र. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंथम यांनी बायकोसाठी स्वस्त पॅड करायचं मनावर घेतलं, तेव्हा सुरुवात साहजिकच कापसाने केली. जमेना. बराच काळ गेल्यावर कळलं की कंपन्यांच्या पॅडमध्ये कापूस नसतोच, पाइन लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात. तो लगदा मोकळा करून दाबणारं साधं, स्वस्त यंत्र त्यांनी बनवलं, पेटंट घेतलं, आणि ते बड्या कंपन्यांना न विकता बायकांच्या बचत गटांना दिलं. कुलूप असं चोराच्या बाजूने न लावता घराच्या बाजूनेही लावता येतं. तरीही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रानात उभं राहून परदेशी पाइनचा विचार करायचा म्हणजे जरा जिवावर येतं. आणि माझ्या मायच्या पिढीने जुन्या लुगड्याच्या घड्यांवर काढलेली वर्षं, त्या घड्या उन्हात न वाळवता इतर कपड्यांच्या खाली लपवून वाळवणं, हे सगळंही न सांगण्याच्याच खात्यात जमा आहे. तिथे तर गुण यायचाही प्रश्न नव्हता, नुसता त्रास.

आता हळद. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर ती हसून हसून बेजार झाली असती. तिचा सगळा दवाखाना म्हणजे "हयद लाव न् चूप बस". पण गंमत पाहा, आजीची साक्ष तिथे चालली नसती. भारताच्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्या पेटंटला आव्हान दिलं ते कागद पुढे ठेवून. ३२ संदर्भ दिले, त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यकांच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कुणी तरी, कधी तरी, लिहून ठेवलं होतं म्हणून हळद सुटली. ज्या पाल्याचं नावच कुणी घेतलं नाही, तो उद्या कुणी स्वतःच्या नावावर करून घेतला तर आमच्याकडून काय दाखवणार? नारळ? पुढे २००१ मध्ये सरकारने पारंपरिक ज्ञानाचं एक डिजिटल भांडार सुरू केलं, पेटंट तपासणाऱ्यांना ते बघता येतं. पण त्याचा पाया जुन्या ग्रंथांचा. रविवारच्या ताकातलं त्यात कुठून येणार.

सांगण्याचं एक उदाहरण मात्र आमच्या विदर्भातलं आहे, आणि ते मला या सगळ्या कागदांपेक्षा आवडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे अडचण अशी होती: लेकराला डबा झाला, म्हणजे न्यूमोनिया, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास, ही हद्द. गावातल्या दाईंना इतकं सलग मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांनी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी असं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया, औषध सुरू. १९९२ मध्ये हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दाईला मी हे मणी-वाळूचं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर हाय पोरी. पन मनी नसले त काय करतीन? पोट पायजो. श्वास घेतला का बरगडीखाली खड्डा पडते, तवा थांबू नोको, सिद्दी दवाखान्यात ने." हा खड्डा म्हणजे न्यूमोनिया बळावल्याची खूण, डॉक्टरही हेच बघतात. बाई काहीही हातचं न राखता सांगत होती. नुसतं सांगून तिचं भागलं नाही, खड्डा नेमका कुठे पडतो ते दाखवायला ती बाजेवर निजलेल्या नातवाचं अंगडं वर करायला गेली. ते धडधाकट पोट्टं दचकून उठलं आणि असं भोकाड पसरलं की सून चुलीपुढून पोळीचं लाटणं घेऊनच बाहेर आली, "आई, आत्ताच निजवलं होतं ना जी त्याले!"